खर्ड्याचा विजय आणि कवनांची पन्नास वर्षे

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्याच्या दक्षिण अंगाने भीमा जाते आणि पूर्व अंगाने सीना. मधला मुलूख कमी पावसाचा, जोंधळ्याचा, मेंढपाळांच्या वाड्यांचा आणि मोठ्या यात्रांचा. अठराव्या शतकाच्या अखेरीस मराठी राज्यात जे काही घडले त्याच्या खुणा या भागात दाट आहेत. भीमेकाठच्या सिद्धटेकला १७९४ मध्ये नाना फडणीसांचे विश्वासू सेनानी हरिपंत फडके वारले. तिथल्या गणपतीचा गाभारा अहिल्याबाई होळकरांनी बांधवला, आणि त्या अहिल्याबाईंचे जन्मगाव चोंडी शेजारच्या जामखेड तालुक्यात. त्याच तालुक्यात आणखी पूर्वेला सुलतानराव निंबाळकरांनी बांधलेला खर्ड्याचा भुईकोट किल्ला आहे. त्याच्या आसपासच्या माळावर ११ मार्च १७९५ रोजी पेशवे आणि निजाम यांची गाठ पडली.

लढाई एका दिवसाची. जिंकलेला मुलूख आणि ठरलेली खंडणी यांतले बरेचसे पुढच्या दोनतीन वर्षांत हातचे गेले. पोवाड्यांतला खर्डा मात्र पुढे पिढ्यान् पिढ्या डफावर गाजत राहिला. हे ज्यांनी घडवले त्या माणसांची ही हकिकत आहे. अनंतफंदी, रामजोशी, होनाजी, प्रभाकर, परशराम आणि सगनभाऊ हे मराठीतले पहिले खरे लोकप्रिय गीतकार. लोकांसाठी लिहायचे, लोकांसमोर गाऊन घ्यायचे आणि लोकांच्या पसंतीवर पोट भरायचे, हा धंदा त्यांनी मराठीत उभा केला. साधारण १७७० ते १८२० या पन्नास वर्षांत तो भरभराटला. एवढी गुणी माणसे एकाच काळात का निपजली, याचे उत्तर त्या काळाच्या पैशात, फौजेत आणि शहरात सापडते.

पोवाडा त्याआधीही होता. अफझलखानाच्या वधावर अगीनदासाने रचलेला आणि तानाजीच्या सिंहगडावर तुळशीदासाने रचलेला, असे शिवकाळातले दोन पोवाडे आपल्याला ठाऊक आहेत. गोंधळी संबळ-तुणतुण्यावर देवीची आणि वीरांची गाणी गात, खेड्यापाड्यांत फिरत. पण ते कवन सरदाराच्या किंवा देवाच्या दारात म्हणायचे होते. पेशवाईच्या उत्तरार्धात त्याला तिसरे दार मिळाले, ते बाजाराचे.

पानिपतानंतर थोरल्या माधवरावांनी राज्य सावरले आणि पुणे पुन्हा भरू लागले. सावकारांच्या पेढ्या, सरदारांचे वाडे, कारकुनांच्या फौजा, रमण्यात ब्राह्मणांना वाटली जाणारी दक्षिणा असा सगळा पैसा त्या शहरात फिरत होता. दुसरीकडे दसरा झाला की फौजा मुलूखगिरीवर निघत आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परतत. महिनोन् महिने घराबाहेर असलेल्या शिपायाला छावणीत करमणूक हवी होती. घरी राहिलेल्या त्याच्या बायकोच्या मनातही एक जग होते. विरह, संशय, वाट पाहणे, परतल्यानंतरचा रुसवा, हे लावणीचे विषय कुठून आले असतील, याचा शोध फार लांब घ्यावा लागत नाही. शृंगार म्हणून ज्या लावण्या पुढे हिणवल्या गेल्या, त्यांतल्या कितीतरी रचना मोहिमेवर गेलेल्या नवऱ्याच्या घरातून बोलतात.

या मागणीला पुरे पडायला फड उभे राहिले. फडात कवन करणारा एक, म्हणणारा दुसरा, मागे झील धरणारे सुरते, डफ किंवा ढोलकी, तुणतुणे, झांज आणि स्त्रीवेषातला नाच्या. कवी स्वतः गाणारा असेलच असे नव्हते. होनाजी शिलारखाने जातीने गवळी, त्याची कवने म्हणणारा बाळा करंजकर शिंपी. दोघांची जोडी एवढी एकजीव की लोक आजही 'होनाजी बाळा' हे एकाच माणसाचे नाव समजतात. प्रभाकर दातार हा कोकणातून आलेला ब्राह्मण गंगू हैबतीच्या फडासाठी लिहीत असे. जेजुरीकडचा सगनभाऊ मुसलमान, धंद्याने शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारा, आणि त्याच्या साथीला रामा गोंधळी. सिन्नरजवळच्या बावी गावचा परशराम शिंपी. सोवळे-ओवळे कसोशीने पाळणाऱ्या त्या समाजात ब्राह्मण, गवळी, शिंपी, मुसलमान आणि गोंधळी एकाच फडात, एकाच रचनेवर राबत होते. पेशवाईतल्या जातीच्या कडकपणाबद्दल जे लिहिले जाते ते खरेच आहे, आणि तिच्या फडातले हे चित्रही तेवढेच खरे आहे.

शेवटच्या कडव्यात कवी आपले नाव घालत असे. गावोगाव कवने पाठ होऊन फिरत, दुसरे फड ती उचलत, छापखाना नव्हता. तेव्हा नावाची ती मुद्रा हीच मालकीची एकमेव खूण होती. पुढे संशोधकांना कोणते कवन कोणाचे हे ठरवता आले ते बहुतांशी या मुद्रेमुळे. अर्थात, दुसऱ्याच्या कवनात आपले नाव घुसवणारेही निघालेच.

या साऱ्यांत वयाने थोरला आणि मानानेही थोरला मानला गेला तो अनंत घोलप. जन्म १७४४ चा, गाव संगमनेर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या उत्तर भागातले. वडिलांचे नाव भवानीबुवा. घराणे ब्राह्मणाचे, अनंताचे मन मात्र लहानपणापासून तमाशात. मलिक फंदी नावाच्या एका मुसलमान साथीदाराशी त्याची मैत्री जमली आणि त्यावरून लोक त्यालाही फंदी म्हणू लागले, अशी परंपरा सांगते. ते नाव त्याने आनंदाने मिरवले. त्याच्या समकालीनांत होनाजीने त्याची तोंडभरून स्तुती केली आहे. स्पर्धा हाच ज्यांचा श्वास होता, एकमेकांना सवाल टाकून रात्रीच्या रात्री झुंजायचे हा ज्यांचा रिवाज होता, त्या धंद्यात एका कवीने दुसऱ्याचे मोठेपण स्वतःच्या कवनात मान्य करणे ही लहान गोष्ट नाही.

अनंतफंदीच्या रचनेत एक वेगळाच रोखठोकपणा आहे. लावण्या त्याने लिहिल्या, पोवाडे लिहिले, पण त्याचे नाव घरोघर पोचवले ते फटक्याने. फटका म्हणजे झपाट्याने पुढे जाणारी, प्रत्येक ओळीला चापट मारल्यासारखा उपदेश करणारी रचना. संसारात कसे वागावे, कोणाच्या नादी लागू नये, व्यवहारात कुठे सावध राहावे, हे सांगणारा त्याचा एक फटका शाळेच्या पुस्तकांतून मराठी माणसांच्या कित्येक पिढ्यांना पाठ आहे. तो म्हणणाऱ्यांतल्या अनेकांना कवीचे नाव सांगता येत नाही, इतका तो सगळ्यांचा झाला. पुराणिकाचा उपदेश आणि तमाशाची लय त्याने एकत्र बांधली, आणि हे जमायला दोन्ही घरे आतून माहीत असावी लागतात.

त्याची दोन्ही घरे अहिल्याबाईंच्या कथेत समोरासमोर येतात. ब्राह्मण असून हा तमाशा करतो, हे अहिल्याबाईंच्या कानी गेले. त्यांनी त्याची कानउघाडणी केली आणि त्यानंतर अनंतफंदी कीर्तनाकडे वळला, अशी ही कथा. तिचे तपशील निरनिराळे सांगितले जातात. एवढे खरे की उतारवयातला अनंतफंदी कीर्तनकार म्हणून ओळखला जात होता. तमाशाच्या फडावर कमावलेला आवाज आणि समय ओळखण्याची हातोटी त्याने देवळात नेली असणार.

आता खर्ड्याकडे.

भांडणाचे मूळ जुन्या थकबाकीत होते. निजामाकडून येणारी चौथाई वर्षानुवर्षे तुंबली होती. पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे हैदराबादेत तिचा तगादा लावत होते आणि निजामाचा दिवाण मुशीरुल्मुल्क त्यांना टोलवत होता. फेब्रुवारी १७९४ मध्ये महादजी शिंदे पुण्यात वारले, त्याच वर्षी हरिपंत फडके सिद्धटेकला गेले. मराठ्यांचे दोन खंदे पुरुष एका वर्षात नाहीसे झाल्यावर हैदराबादच्या दरबाराला जोर चढला. निजामाच्या छावणीतल्या बढाया इतिहासकार ग्रँट डफने मराठ्यांच्या आपल्या इतिहासात नोंदवल्या आहेत: पेशव्याला कमरेला पंचा आणि हातात पाण्याचे भांडे देऊन काशीला गंगेकाठी मंत्र पुटपुटायला धाडू. बोलण्याने भांडण मिटण्याची वेळ टळून गेली होती. निजामाची मदार इंग्रजांवर होती, पण गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर याने या कलहात पडायला नकार दिला.

नानांनी सगळे सरदार गोळा केले. तरुण दौलतराव शिंदे, तुकोजी होळकर, नागपूरचे रघूजी भोसले, पटवर्धन आणि इतर कितीतरी पथके. सेनापतिपद परशुरामभाऊ पटवर्धनांकडे. वीस वर्षांचा पेशवा सवाई माधवराव स्वतः बरोबर. दोन्ही बाजूंना लाखाच्या घरात माणसे होती. शिंद्यांकडे फ्रेंच सेनानी पेराँच्या हाताखालची कवायती पलटणे, निजामाकडे दुसरा फ्रेंच रेमाँ याची पलटणे, म्हणजे दोन फ्रेंच एकमेकांसमोर. निजाम मोहरीच्या घाटाने खाली उतरला. टेहळणीच्या चकमकीत परशुरामभाऊ जखमी झाले, मराठ्यांची एक फळी डगमगली, मग शिंद्यांच्या तोफांनी आणि भोसल्यांच्या बाणांनी बाजू सावरली. अंधार पडल्यावर निजामाच्या गोटात गोंधळ उडाला. जनानखान्यात आधीच घबराट होती. वृद्ध निजामअली माघार घेऊन खर्ड्याच्या लहानशा किल्ल्यात शिरला आणि तिथे त्याची कोंडी झाली. थोड्याच दिवसांत त्याने तह मागितला. दौलताबादचा किल्ला, परिंड्यापासून तापीपर्यंतचा मुलूख, तीन कोटींची रक्कम, आणि सर्वांत मानहानीचे म्हणजे स्वतः दिवाण मुशीरुल्मुल्क मराठ्यांच्या स्वाधीन.

विजय मोठा, रक्तपात मात्र दोन्हीकडच्या सैन्यांच्या मानाने फारच थोडा. पुण्यात आनंदाला उधाण आले. सगळे मराठे सरदार एका झेंड्याखाली उभे राहिल्याचे ते शेवटचे दर्शन होते. त्या वेळी हे कोणाला कळणे शक्य नव्हते. अनंतफंदीने खर्ड्यावर पोवाडा रचला, इतर शाहिरांनीही रचले. पोवाड्याचा कारागीर अशा वेळी काय करतो? तो सरदारांची नावे गुंफतो, कोणाचे पथक कुठे उभे होते ते सांगतो, घोड्यांचे रंग, तोफांचे आवाज, शत्रूची तारांबळ. ऐकणाऱ्या गर्दीत त्या पथकांतले शिपाई असतात, त्यांचे भाऊबंद असतात. आपल्या सरदाराचे नाव आले की ओरडून दाद जाते, शेला किंवा कडे बक्षीस पडते. नावांची ती मालिका वाचताना आज कंटाळवाणी वाटेल. फडावर तीच सर्वांत जिवंत जागा असणार.

याच विजयाची दुसरी नोंद ग्रँट डफकडे आहे. विजयानंतर तरुण पेशवा उदास दिसला. नानांनी कारण विचारले तेव्हा तो म्हणाला की मोगलांनी, म्हणजे निजामाच्या लोकांनी, एवढ्या लाजिरवाणेपणाने शरण यावे आणि आपल्या शिपायांनी विनासायास मिळालेल्या जयाच्या बढाया माराव्यात, यात दोन्हीकडची अधोगती दिसते. हा संवाद जसाच्या तसा झाला असो वा नसो, त्या नोंदीमुळे पोवाड्यांच्या जल्लोषाशेजारी एक अस्वस्थ आवाज कायमचा येऊन बसला आहे. शाहिरांनी गर्दीला हवे होते ते दिले. त्याबद्दल त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल, कारण सहा-सात महिन्यांत त्याच गर्दीला रडवण्याचे कामही त्यांच्याच वाट्याला आले.

१७९५ चा ऑगस्ट उजाडला तो अहिल्याबाईंच्या मृत्यूची बातमी घेऊन. ऑक्टोबरच्या अखेरीस शनिवारवाड्यात सवाई माधवराव माडीवरून खाली पडला आणि दोन दिवसांनी गेला. एकविशीतला पेशवा, ज्याच्या जन्माआधीच बापाचा खून झालेला, ज्याच्या नावाने बारभाई म्हटल्या गेलेल्या कारभाऱ्यांनी राज्य राखले होते. अनंतफंदीने 'माधवनिधन' हे काव्य लिहिले ते या मृत्यूवर. प्रभाकरानेही सवाई माधवरावाला आपल्या कवनांत जागा दिली. त्याने पेशव्यांच्या रंगपंचमीचे जे वर्णन केले, ते पुण्याच्या वैभवाचे चित्र म्हणून पुढे वारंवार सांगितले गेले. रंगाचा पोवाडा आणि मृत्यूचा शोक एकाच पेशव्याभोवती, अवघ्या काही वर्षांच्या अंतराने. गर्दीचा गीतकार किती तऱ्हेची मने सांभाळतो ते इथे दिसते.

भीमेच्या पलीकडे बारामतीला याच काळात मोरोपंत आपल्या आर्या रचत होते. १७९४ मध्ये ते वारले. संस्कृतप्रचुर, यमकांनी मढवलेली ती कविता पंडितांची. तिला सामान्य श्रोत्यांपर्यंत नेण्याचे श्रेय ज्याला दिले जाते तो तमासगीर होता, आणि ही मराठी वाङ्मयातली एक विलक्षण घटना आहे.

रामजोशी सोलापूरचा. घरात वेदविद्या, थोरला भाऊ मुद्गल व्युत्पन्न पंडित. धाकट्या रामाला धोंडीबाच्या तमाशाची गोडी लागली आणि भावाने त्याला घराबाहेर काढले. तो पंढरपूरला गेला, तिथे नेटाने संस्कृत शिकला आणि विद्वान होऊन परतला. इथे गोष्ट संपली असती तर तो एक सुधारलेला मुलगा ठरला असता. पण त्याने मिळवलेली सगळी विद्या पुन्हा फडावर ओतली. अलंकारशास्त्रातल्या युक्त्या त्याने लावणीत आणल्या. एका मैत्रिणीने ओठांवर आलेले गुपित सांगावे आणि दुसरीने विचारताच भलतेच काही तरी होते म्हणून फिरवावे, अशा छेकापन्हुतीच्या लावण्या त्याच्या नावावर आहेत. मराठी-संस्कृत मिसळलेल्या रचना आहेत, कानडीही त्याने वापरली. सोलापूरच्या माणसाला ती भाषा शेजारची होती. शब्दांचा एवढा खणखणाट दुसऱ्या कोणत्याच शाहिराकडे नाही. घुंगरांचा ताल आणि अनुप्रास यांची सांधेजोड तो अशी करतो की वाचतानाही पायाला ठेका सापडतो. त्याच्या फडावर बयाबाई नाचे, गाई. पुढे तोही कीर्तनाकडे वळला आणि तिथे मोरोपंतांच्या आर्या आपल्या रसाळ आवाजात लोकांना ऐकवू लागला.

त्याच सुमारास जगात इतरत्रही असे गीतकार दिसतात. स्कॉटलंडमध्ये रॉबर्ट बर्न्स लोकधुनींना शब्द देत होता, तो १७९६ मध्ये वारला. आग्र्यात नजीर अकबराबादी बाजारातल्या विक्रेत्यांच्या तोंडची आणि होळी-दिवाळीची गाणी लिहीत होता. बर्न्सची गाणी त्याच्या हयातीत छापली गेली. रामजोशी १८१२ च्या सुमारास गेला तेव्हा त्याचे एकही कवन छापलेले नव्हते. जे टिकले ते लोकांच्या तोंडी आणि फडकऱ्यांच्या बाडांत.

१७९६ च्या अखेरीस दुसरा बाजीराव गादीवर आला. १८०० मध्ये नाना गेले. १८०२ मध्ये यशवंतराव होळकराने हडपसरजवळ पेशव्यांचा आणि शिंद्यांचा पराभव केला, बाजीराव पळाला आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी वसईच्या तहावर सही करून इंग्रजांच्या आधाराला गेला. पुढच्याच वर्षी वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला. फौजांनी तुडवलेल्या नगर-पुण्याच्या पट्ट्यात १८०३-०४ चा दुष्काळ पडला, त्याने गावेच्या गावे ओस पाडली. कर्जत-जामखेडसारखा कोरडा भाग यातून कसा वाचणार?

आणि नेमक्या याच राजवटीत शाहिरी कला बहराला आली. बाजीरावाला लावणीचा नाद होता, वाड्यात बैठका होत, बिदागी मिळे. होनाजीने याच वातावरणात लावणीला रागदारीत बसवले. ढोलकीऐवजी तबला, उघड्या फडाऐवजी दिवाणखाना, नाचाऐवजी गळ्याची फिरत असे तिचे रूप पालटले आणि बैठकीची लावणी म्हणून एक स्वतंत्र प्रकार पुढे आला, त्याचे श्रेय होनाजी-बाळाच्या जोडीला दिले जाते. गवळ्याच्या पोराने रचलेली आणि शिंप्याने म्हटलेली लावणी पुढे गवयांच्या बैठकांपर्यंत पोचली. बाजीरावाच्या छंदीपणावर शेकडो पाने लिहिली गेली आहेत. त्याच्या बाजूने एवढे मांडले पाहिजे की राज्य गमावणाऱ्या या पेशव्याच्या पैशावर मराठी गाण्याचे एक मोठे घराणे उभे राहिले. आश्रयदाता वाईट राज्यकर्ता असू शकतो, हे कलेच्या इतिहासात वारंवार दिसते, आणि त्या पैशाखाली रयतेचे हाल दडलेले असतात हेही विसरता येत नाही.

सर्वच शाहीर वाड्यावर अवलंबून नव्हते. परशरामाने शिवणकामावर पोट चालवले आणि कवनाचा पैसा घेतला नाही, अशी त्याच्याबद्दलची आठवण आहे. त्याच्या रचनांत म्हणूनच गावचे, घरचे जग अधिक दिसते. सगनभाऊची लावणी पुण्यात गाजली आणि पुढे सातारच्या प्रतापसिंह महाराजांकडे त्याची कदर झाली.

५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली. बारा दिवसांनी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. १८१८ च्या फेब्रुवारीत अष्टीला बापू गोखले पडले आणि जूनमध्ये बाजीराव माल्कमला शरण जाऊन आठ लाखांच्या वार्षिक तनख्यावर बिठूरला निघून गेला. नगर जिल्ह्यावर कॅप्टन पॉटिंजर कलेक्टर म्हणून आला. संगमनेरात अनंतफंदी अजून जिवंत होता. ज्याने खर्ड्याचा जय गायला तो पेशवाईचा शेवट पाहून १८१९ मध्ये गेला.

प्रभाकराने आणि सगनभाऊने या पडझडीवरही कवने केली. हे पोवाडे जयाचे नव्हते. कोणाची चूक झाली, कोण फितूर झाले, वाडा कसा ओस पडला, हे सांगणारे होते. पोवाडा हा विजयगीताचा साचा. त्यात पराभव बसवताना या दोघांना रचनेची सगळी कसरत करावी लागली. आपल्या राज्याच्या अंताचा जबाब सर्वांत आधी मराठी गाण्याने दिला. बखरकार आणि इंग्रज इतिहासकार त्यामागून आले.

या शाहिरांना 'पेशवेकालीन' म्हणायची सवय आहे, पण प्रभाकर, होनाजी आणि परशराम १८४३-४४ पर्यंत जगले, सगनभाऊ १८५० पर्यंत. म्हणजे आयुष्याची शेवटची पंचवीस-तीस वर्षे त्यांनी कंपनी सरकारच्या अमलात काढली. मोहिमा बंद, त्यामुळे छावण्या नाहीत. सरदारांच्या जहागिरी आक्रसल्या, रमणा बंद. छावणी, आश्रय आणि बाजार अशा ज्या तीन गोष्टींवर हा धंदा उभा होता त्यांतल्या दोन गेल्या आणि उरला तो बाजार. फड पुण्याच्या वाड्यांतून निघून जत्रांच्या मैदानात गेले. ब्राह्मण कवी हळूहळू बाजूला झाले, महार-मांग कलावंत पुढे आले. जत्रेतल्या श्रोत्याला रात्रभर धरून ठेवायला सुट्या लावण्या पुरेनात, तेव्हा गण-गौळणीनंतर गोष्ट आली. १८६५ मध्ये उमा बाबू मांग सावळजकर यांनी 'मोहना बटाव' हा वग रचला आणि तमाशाला नाट्याचे अंग मिळाले. पोवाड्यानेही नवा धनी शोधला. १८६९ मध्ये जोतीराव फुल्यांनी शिवाजी महाराजांचा पोवाडा लिहून कुळवाडी रयतेच्या बाजूचा इतिहास त्यात भरला.

इंग्रजी शिकलेल्या पहिल्या पिढ्यांनी लावणीकडे नाक मुरडले. जुनी बाडे माळ्यावर वाळवीच्या हवाली झाली. त्यातून जे वाचले त्याचे श्रेय काही थोड्या लोकांना आहे. मुंबई म्युनिसिपालिटीचे कमिशनर हॅरी आर्बथनॉट ॲक्वर्थ, ज्यांच्या नावाचे कुष्ठरोग रुग्णालय वडाळ्याला आहे, त्यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह १८९१ मध्ये 'इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे' हा संग्रह छापला. तीन वर्षांनी ॲक्वर्थ यांनी त्यांतल्या निवडक पोवाड्यांची इंग्रजी भाषांतरे प्रसिद्ध केली. पुढे य. न. केळकरांनी 'ऐतिहासिक पोवाडे' १९२८ पासून खंडशः काढले. म. वा. धोंडांनी १९५६ मध्ये 'मऱ्हाटी लावणी' लिहून या रचनांना साहित्य म्हणून वाचायला शिकवले. २०१६ मध्ये बॉब डिलनला साहित्याचे नोबेल मिळाल्यावर गीतकार हा साहित्यिक का, असा वाद जगभर झाला. मराठीत तो प्रश्न धोंडांनी साठ वर्षे आधी, होनाजी आणि रामजोशी समोर ठेवून, निकालात काढला होता.

गीतकारांची साखळी पुढे चालू राहिली आणि तिचे एक टोक पुन्हा नगर जिल्ह्यातच सापडते. विसाव्या शतकाच्या आरंभी वाळवे तालुक्यातल्या रेठऱ्याचे श्रीधर कृष्ण कुलकर्णी पठ्ठे बापूराव झाले. घर, जात, कुळकर्ण सोडून त्यांनी फड उभा केला. त्यांच्या शब्दांना आवाज आणि पाऊल मिळाले ते पवळाबाईंचे. पवळा संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसा इथली, महार समाजातली, तमाशाच्या रंगमंचावर स्वतःच्या नावाने गर्दी खेचणारी पहिली मोठी स्त्री. अनंतफंदीच्या गावापासून तिचे गाव हाकेच्या अंतरावर. दोन लाख लावण्या रचल्याचे बापूराव स्वतःच सांगत. आकडा बाजूला ठेवला तरी त्यांच्या रचनांवर तमाशाची कित्येक वर्षे निघाली, आणि १९४५ मध्ये ते पुण्यात गरिबीत वारले.

त्यानंतर दोनच वर्षांनी सिनेमाने जुन्या शाहिरांना हाक मारली. व्ही. शांताराम यांच्या राजकमलचा 'लोकशाहीर रामजोशी' १९४७ मध्ये आला. दिग्दर्शन बाबुराव पेंटरांचे, रामजोशींच्या भूमिकेत जयराम शिलेदार, बया झालेल्या हंसा वाडकर, संगीत वसंत देसाईंचे आणि गीतकार ग. दि. माडगूळकर. सवाल-जवाबांची झुंज, शाहिराचा उद्दामपणा, पंडिताचा पश्चात्ताप हे सारे माडगूळकरांनी अठराव्या शतकाच्या बोलीत असे लिहिले की मराठी चित्रपटात तमाशापटांची लाटच आली. १९५१ मध्ये शांतारामांनी होनाजी-बाळावर 'अमर भूपाळी' काढला. तो १९५२ च्या कान महोत्सवात दाखवला गेला आणि ध्वनिमुद्रणासाठी त्याचा गौरवही झाला. होनाजीच्या नावे चालत आलेली भूपाळी त्या चित्रपटाने रेडिओमार्फत महाराष्ट्राच्या घराघरांत पहाटे नेऊन पोचवली.

अनंतफंदीच्या वाट्याला असा चित्रपट आला नाही. संगमनेरात त्याच्या नावाने व्याख्यानमाला भरते, शाळेतली मुले त्याचा फटका पाठ करतात. जामखेडच्या कलाकेंद्रांत रात्री ढोलकी वाजते तेव्हा फर्माईश सिनेमातल्या लावण्यांची असते, मधूनच एखादा जाणता श्रोता रामजोशींची लावणी मागतो. खर्ड्याचा किल्ला तिथून पूर्वेला थोड्याच अंतरावर उभा आहे. १७९५ च्या तहातला मुलूख आणि पैसा नाना-बाजीरावाच्या सत्तास्पर्धेत बव्हंशी निजामाकडे परत गेला. मुशीरुल्मुल्कही सुटून पुन्हा दिवाण झाला. त्या मोहिमेत कोण सरदार कुठे लढला, हे विचारणाऱ्याला आज कागदपत्रांबरोबर पोवाडेही उघडावे लागतात.